डेटाबेसचं कनेक्शन नसताना क्वेरीतला मजकूर एस्केप कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कनेक्शन नसताना एस्केप करायची वेळ येतेच कशाला?

वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा येते. (एस्केप करणं म्हणजे मजकुरातली अवतरणासारखी विशेष चिन्हं अशी लिहिणं की सर्व्हर त्यांना आज्ञेचा भाग समजणार नाही.) तुम्ही एक्सेलमधली यादी वाचून इन्सर्ट स्टेटमेंटची फाईल तयार करता आणि ती ग्राहकाचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) त्याच्या सर्व्हरवर चालवतो. तो सर्व्हर तुमच्या नेटवर्कवरून दिसतही नाही. किंवा स्कीमा बदलायचा असतो आणि नियम असा असतो की एसक्यूएल आधी कुणीतरी वाचून मंजूर करायचं, मगच चालवायचं. पायथॉनमधल्या अलेम्बिक या स्कीमा बदलायच्या साधनाचा ऑफलाईन मोड आणि जँगो फ्रेमवर्कची एसक्यूएलमायग्रेट ही कमांड याच गरजेतून आली. कधी डेटाबेस नसलेल्या मशीनवर टेस्ट चालवायच्या असतात, कधी रांगेत टाकलेली क्वेरी दुसराच प्रोसेस नंतर चालवणार असतो.

यापैकी काहीच नसेल आणि क्वेरी चालवणारा कोड तुमच्याच हातात असेल, तर हे पान बंद करा आणि पॅरामीटर वापरा. मूल्य वेगळं, क्वेरी वेगळी पाठवली की एस्केप करायचा प्रश्नच उरत नाही. खालचं सगळं ज्यांना खरोखर दुसरा मार्ग नाही त्यांच्यासाठी आहे.

एकेरी अवतरणाआधी बॅकस्लॅश लावला की काम झालं ना? फंक्शनला कनेक्शन कशाला हवं?

बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण एस्केपिंगकडे मजकुराचा गुणधर्म म्हणून बघतो. "ही स्ट्रिंग एस्केप केलेली आहे" असं बोलतो. प्रत्यक्षात एस्केपिंग हा मजकूर आणि तो वाचणारा पार्सर यांच्यातला समझोता आहे. एकच बाइटमालिका एका सर्व्हरला निरुपद्रवी नाव वाटते आणि दुसऱ्याला अर्ध्यात संपलेलं नाव व त्यापुढे नवी आज्ञा. वाचणारा कोण हे कळल्याशिवाय "सुरक्षित" या शब्दाला अर्थ येत नाही.

मायएसक्यूएलचं उदाहरण घ्या. त्याच्या सी लायब्ररीतलं मायएसक्यूएल_रिअल_एस्केप_स्ट्रिंग हे फंक्शन कनेक्शन मागतं, कारण त्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: या कनेक्शनवर कोणता कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) चालू आहे, आणि सर्व्हर बॅकस्लॅशला विशेष चिन्ह मानतोय की साधं अक्षर. पहिली माहिती क्लायंटच्या ऑब्जेक्टमध्ये असते, दुसरी सर्व्हर आपल्या उत्तरांतल्या स्टेटस फ्लॅगमधून कळवत राहतो. कनेक्शन नसेल तर दोन्ही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. तुम्ही नाही धरल्यात, तर लायब्ररी तुमच्या नावावर धरते, आणि गोम इथेच आहे.

कॅरेक्टर सेटमुळे खरंच इंजेक्शन होतं, म्हणजे मजकूर आज्ञा म्हणून चालतो, की हे फक्त पुस्तकी आहे?

खरंच होतं. जीबीके हा चिनी एन्कोडिंग घ्या. त्यात एक अक्षर दोन बाइटांचं असू शकतं, आणि दुसऱ्या बाइटची किंमत हेक्समध्ये ५सी असलेली चालते. ५सी म्हणजे आस्कीतला बॅकस्लॅश. हल्लेखोर बीएफ आणि २७ असे दोन बाइट पाठवतो. २७ म्हणजे एकेरी अवतरण. पीएचपीचं अ‍ॅडस्लॅशेस एकेक बाइट बघत जातं, २७ दिसला की त्याआधी ५सी घालतं. झालं बीएफ ५सी २७. आता हे जीबीके समजणाऱ्या सर्व्हरपुढे गेलं की तो बीएफ ५सी मिळून एक चिनी अक्षर वाचतो, आणि मागे २७ उघडा पडतो. आपणच घातलेला बॅकस्लॅश त्या अक्षरात विरघळून गेला.

जपानी शिफ्ट-जेआयएस आणि तैवानी बिग५ हेही याच माळेचे मणी. २००६ साली हा विषय ऐरणीवर आला. त्या वर्षी मायएसक्यूएलने दुरुस्ती केली. पोस्टग्रेसने मे २००६ मध्ये ८.१.४ आणि जुन्या शाखांच्या आवृत्त्या काढल्या, आणि त्यांच्याबरोबर पीक्यूएस्केपस्ट्रिंगकॉन हे कनेक्शन मागणारं फंक्शन आलं. त्याआधीचं पीक्यूएस्केपस्ट्रिंग कनेक्शन घेत नाही. आजही ते लायब्ररीत आहे, पण नव्या कोडमध्ये ते वापरू नये असंच कागदपत्रं सांगतात. पीएचपीनेही ८.१ पासून कनेक्शन न देता पीजी_एस्केप_स्ट्रिंग हाक मारणं कालबाह्य ठरवलं.

एक बारकावा ज्यावर अनुभवी लोकही घसरतात. मायएसक्यूएलमध्ये "सेट नेम्स" ही क्वेरी चालवून कॅरेक्टर सेट बदलला, तर सर्व्हरला कळतं पण क्लायंट लायब्ररीला कळत नाही. मग कनेक्शन हातात असूनही एस्केप फंक्शन जुन्याच सेटच्या हिशोबाने चालतं. म्हणून त्यासाठी मायएसक्यूएलआय_सेट_कॅरसेट सारखं फंक्शन किंवा पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस थराच्या डीएसएनमधला (कनेक्शनच्या पत्त्यातला) कॅरसेट वापरायचा.

आमचं सगळं यूटीएफ-८ मध्ये आहे, मजकूर मराठीच आहे. मग आम्हाला काय भीती?

जीबीकेवाली भीती नाही. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की बहुबाइट अक्षरातला प्रत्येक बाइट ८० हेक्स किंवा त्याहून मोठा असतो. त्यामुळे २७ किंवा ५सी हे बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात लपूच शकत नाहीत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. "म" म्हणजे ई० ए४ एई. यात कुठेही अवतरण नाही, बॅकस्लॅश नाही.

पण हे वैध यूटीएफ-८ बद्दल झालं. समोरून येणारे बाइट वैध असतीलच असं कुणी सांगितलं? फेब्रुवारी २०२५ मध्ये पोस्टग्रेसने सीव्हीई-२०२५-१०९४ ही सुरक्षा-त्रुटी जाहीर केली. अवैध बाइटमालिका दिली तर लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीची एस्केप फंक्शनं अवतरण नीट निष्प्रभ करत नव्हती. सी० या बाइटला पुढे आणखी एक बाइट लागतो. त्याच्या लगेच मागे अवतरण ठेवलं की फंक्शन त्या दोघांना मिळून एक अक्षर समजायचं. असं "एस्केप केलेलं" पुढे पीएसक्यूएल या कमांडलाईन क्लायंटला दिलं की इंजेक्शन व्हायचं. यात कनेक्शन घेणारं पीक्यूएस्केपस्ट्रिंगकॉनसुद्धा होतं. दुरुस्ती १७.३, १६.७, १५.११, १४.१६ आणि १३.१९ मध्ये आली. इतकी वर्षं हजारो डोळ्यांखालून गेलेल्या फंक्शनांत हे सापडलं, हे लक्षात ठेवा आणि स्वतःची रिप्लेसची ओळ लिहायचा मोह आवरा.

यातून ऑफलाईन काम करणाऱ्याने घ्यायचा नियम साधा आहे: एस्केप करण्याआधी मजकूर वैध यूटीएफ-८ आहे का ते तपासा आणि नसेल तर ती नोंद नाकारा. दुरुस्त करून पुढे ढकलू नका.

सर्व्हर बॅकस्लॅश मानत नाही म्हणजे काय?

मायएसक्यूएलमध्ये नो_बॅकस्लॅश_एस्केप्स नावाचा एसक्यूएल मोड आहे. तो लावला की बॅकस्लॅश हे साधं अक्षर होतं आणि अवतरण फक्त दुप्पट करूनच एस्केप होतं. मूळ स्थितीत हा मोड बंद असतो. पण ज्या सर्व्हरवर तुमची फाईल चालणार तिथे कुणी लावलेला नाही, याची खात्री तुम्ही घरी बसून कशी देणार? तुम्ही बॅकस्लॅश आणि अवतरण लिहिलंत, सर्व्हरने बॅकस्लॅश नावाचा भाग धरला आणि अवतरणावर स्ट्रिंग संपवली. पुढचं सगळं एसक्यूएल म्हणून वाचलं जातं.

पोस्टग्रेसमध्ये याच्या उलट वाट चालली. २०११ च्या ९.१ पासून स्टँडर्ड_कन्फॉर्मिंग_स्ट्रिंग्स मूळ स्थितीतच चालू असतं, म्हणजे साध्या अवतरणातला बॅकस्लॅश साधाच. त्याआधीच्या आवृत्त्यांत तो विशेष होता. ९.१ च्या आधीचे सर्व्हर अजून कुठेतरी चालू आहेत आणि काहींनी अपग्रेडनंतर जुनी सेटिंग मुद्दाम परत लावलेली असते.

फाईल तयारच करायची आहे. मग नेमकं काय करू?

वाचणारा कोण हे माहीत नसेल तर वाचणारा तुम्हीच ठरवून टाका. फाईलच्या डोक्यावर सेटिंग्ज लिहा.

ही माझी युक्ती नाही. पीजी_डंप हे पोस्टग्रेसचा डेटाबेस एसक्यूएल फाईलमध्ये उतरवणारं साधन. त्याने यूटीएफ-८ डेटाबेसची काढलेली फाईल उघडा. वर क्लायंट_एन्कोडिंग यूटीएफ८ आणि स्टँडर्ड_कन्फॉर्मिंग_स्ट्रिंग्स चालू अशा दोन सेट ओळी दिसतील. मायएसक्यूएलडंपच्या फाईलमध्ये सुरुवातीलाच सेट नेम्स असतं, आणि एसक्यूएल_मोड जुना जपून ठेवून नवा लावलेला असतो. त्या नव्या मोडमध्ये बॅकस्लॅश बंद करणारा मोड नसतो, त्यामुळे पुढचे सगळे बॅकस्लॅश ठरल्याप्रमाणेच वाचले जातात. डंप काढणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता: फाईल आज इथे बनते, वाचली जाते उद्या कुठेतरी. त्यांनी वाचणाऱ्याला आधी तयार केलं आणि मग मजकूर दिला.

तुमच्या फाईललाही तेच करा. मायएसक्यूएलसाठी पहिल्या ओळीत सेट नेम्स यूटीएफ८एमबी४. नुसतं यूटीएफ८ लिहू नका; मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीन बाइटांपर्यंतच जातं, त्यात देवनागरी बसते पण इमोजी बसत नाही. दुसऱ्या ओळीत एसक्यूएल_मोड स्पष्ट. फाईल कमांडलाईन क्लायंटमधून चालणार असेल तर डीबीएला डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट आणि बायनरी-मोड हे पर्याय द्यायला सांगा. बायनरी-मोडमुळे क्लायंट शून्य बाइटला क्वेरीचा शेवट समजत नाही आणि विंडोजच्या ओळबदलात ढवळाढवळ करत नाही. पोस्टग्रेससाठी वरच्या दोन सेट ओळी पुरतात. फाईल नोटपॅडमधून सेव्ह करत असाल तर सुरुवातीला बीओएम (फाईलच्या डोक्यावरचे अदृश्य खुणेचे बाइट) जात नाही ना बघा, नाहीतर काही क्लायंटमध्ये पहिलंच स्टेटमेंट, म्हणजे नेमकं तुमचं सेट, चुकू शकतं.

आणि एक: सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळा. अर्धी फाईल चालून अडकलेला डेटाबेस साफ करत बसण्यापेक्षा रोलबॅक कधीही बरा.

सेटिंग्ज लिहायची सोय नाही. एकच स्टेटमेंट देता येतं. काही निर्धोक मार्ग आहे?

आहे, आणि मला तो मनापासून आवडतो: मजकूर हेक्समध्ये लिहा. हेक्सच्या सोळा चिन्हांत अवतरण नाही, बॅकस्लॅश नाही, ओळबदल नाही, शून्य बाइट नाही. कोणताही कॅरेक्टर सेट असो, कोणताही मोड असो, ती सोळा चिन्हं सगळीकडे सारखीच वाचली जातात. मायएसक्यूएलच्या सी लायब्ररीत यासाठी मायएसक्यूएल_हेक्स_स्ट्रिंग आहे आणि ते कनेक्शन मागत नाही. कुठल्याही भाषेत स्वतः लिहिलं तरी चार ओळींचं काम.

फक्त सर्व्हरला सांगावं लागतं की हे बाइट म्हणजे मजकूर आहे. मायएसक्यूएलमध्ये हेक्स लिटरल ही बायनरी स्ट्रिंग असते, म्हणून तिच्याआधी _यूटीएफ८एमबी४ हा इंट्रोड्यूसर (कॅरेक्टर सेट सांगणारी खूण) लावायचा. तो विसरलात तर तुलना बाइटनिशी होते, लहान-मोठं रोमन अक्षर वेगळं धरलं जातं आणि शोध अचानक काहीच देत नाही. पोस्टग्रेसमध्ये डीकोड करून कन्व्हर्ट_फ्रॉममध्ये यूटीएफ८ सांगायचं. एसक्यूलाइटमध्ये रोमन एक्स लावलेलं ब्लॉब लिटरल कास्ट करून टेक्स्ट करायचं. ओरॅकलमध्ये हेक्सटूरॉ आणि यूटीएल_रॉ.

खर्च आहे. फाईल फुगते: "मराठी" या शब्दात पाच चिन्हं, पंधरा बाइट, म्हणजे तीस हेक्स अक्षरं. शिवाय फाईल डोळ्यांनी वाचून मंजूर करणारा माणूस वैतागतो. त्यासाठी मी प्रत्येक स्टेटमेंटच्या वर कॉमेंटमध्ये नोंदीचा क्रमांक लिहितो. मजकूर कधीच लिहीत नाही. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

कॉमेंटमध्ये मूळ नाव लिहिलं तर काय बिघडलं? कॉमेंट तर सर्व्हर वाचतच नाही.

नावात ओळबदल असेल तर कॉमेंट तिथे संपते आणि पुढची ओळ आज्ञा म्हणून वाचली जाते. पोस्टग्रेसच्या पीजी_डंपला नेमका हाच फटका बसला. ऑब्जेक्टच्या नावात ओळबदल घालून डंप फाईलमध्ये पीएसक्यूएलच्या मेटा-कमांड (बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या त्याच्या स्वतःच्या आज्ञा) घुसवता येत होत्या, आणि त्यांतली एक शेल आज्ञा चालवते. २०१२ मध्ये हा प्रकार दुरुस्त झाला होता, ११.२० मध्ये तो पुन्हा शिरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-८७१५ म्हणून पुन्हा बुजवला गेला. म्हणून बाहेरून आलेला एकही बाइट कॉमेंटमध्ये ठेवू नका.

यातला मोठा मुद्दा असा की फाईलचा पहिला वाचक सर्व्हर नसतोच. तो असतो क्लायंट प्रोग्राम, आणि त्याची स्वतःची भाषा असते. पीएसक्यूएल अवतरणाबाहेरचा बॅकस्लॅश मेटा-कमांड समजतं. ओरॅकलचं एसक्यूएलप्लस "&" दिसला की वापरकर्त्याकडे मूल्य मागतं, अगदी अवतरणाच्या आतसुद्धा; "शहा & सन्स" असं दुकानाचं नाव आलं की फाईल प्रश्न विचारत थांबते, म्हणून वर सेट डिफाइन ऑफ हवं. एसक्यूएल सर्व्हरचं एसक्यूएलसीएमडी डॉलर आणि कंसातलं नाव व्हेरिएबल धरतं, ते लहान रोमन एक्स (-x) या पर्यायाने बंद होतं. डेटाबेससाठी बिनचूक एस्केप केलेली फाईल क्लायंटसाठी धोक्याची असू शकते.

पोस्टग्रेससाठी हेक्सपेक्षा वाचनीय काही?

रोमन ई लावलेली स्ट्रिंग. अवतरणाआधी ई असेल तर बॅकस्लॅश विशेष, मग सेटिंग काहीही असो. म्हणून अवतरण दुप्पट करा, बॅकस्लॅश दुप्पट करा आणि बॅकस्लॅश असेल तेव्हा पुढे ई लावा. पीक्यूएस्केपलिटरल स्वतः हेच करतं, आणि ई च्या आधी एक मोकळी जागाही सोडतं, म्हणजे आधीच्या शब्दाला ते चिकटत नाही. शून्य बाइट पोस्टग्रेसच्या टेक्स्टमध्ये चालतच नाही. तो आला तर नोंद नाकारा.

डॉलर-कोटिंग दिसायला सुंदर असतं, पण त्यातला टॅग मजकुरात आला की सगळं उघडं. फंक्शनच्या व्याख्येसाठी ठीक, बाहेरून आलेल्या डेटासाठी नको.

एस्केपिंग पूर्णच टाळता येईल का?

बऱ्याचदा येतं, आणि फाईल मोठी असेल तर तेच करा. डेटा सीएसव्हीत ठेवा आणि एसक्यूएलच्या फाईलमध्ये फक्त तो उचलायची आज्ञा ठेवा: पोस्टग्रेसमध्ये कॉपी, मायएसक्यूएलमध्ये लोड डेटा, एसक्यूलाइटच्या शेलमध्ये इम्पोर्ट. मजकुरातलं अवतरण चुकलं तर फार तर डेटा बिघडेल किंवा लोड अडेल, ड्रॉप टेबल चालणार नाही. वेगही कितीतरी जास्त. सीएसव्हीचं एस्केपिंग मात्र भाषेच्या तयार लायब्ररीवर सोपवा. मायएसक्यूएलच्या लोड डेटाला एस्केप चिन्ह, ओळीचा शेवट आणि कॅरेक्टर सेट स्पष्ट सांगा, कारण मूळ स्थितीत तो टॅब आणि बॅकस्लॅश गृहीत धरतो. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट प्रकारात रिकामं मूल्य आणि नल वेगळे, हेही विसरू नका.

पीएचपीच्या जुन्या कोडमध्ये "कनेक्शन नाही" अशी वॉर्निंग येते आणि नावं रिकामी साठवली जातात. का?

मायएसक्यूएल_रिअल_एस्केप_स्ट्रिंगला कनेक्शन मिळालं नाही तर ते स्वतःच नवं उघडायचा प्रयत्न करायचं आणि जमलं नाही की फॉल्स परत द्यायचं. फॉल्स स्ट्रिंगमध्ये जोडला की रिकामी जागा. अनेकांनी त्यावर इलाज म्हणून मायएसक्यूएल_एस्केप_स्ट्रिंग किंवा अ‍ॅडस्लॅशेस वापरलं; म्हणजे आगीतून फुफाट्यात. मायएसक्यूएलचं ते जुनं एक्स्टेन्शनच २०१५ च्या पीएचपी ७.० मधून काढून टाकलं गेलं. हा कोड दुरुस्त करत बसू नका, पीडीओवर आणा.

पायथॉनमध्ये मराठी मजकूर दिला की लॅटिन-१ ची एरर येते. मराठी चालत नाही का?

चालते. सायकोपीजी२ या पोस्टग्रेसच्या पायथॉन लायब्ररीतलं अ‍ॅडाप्ट आणि गेटकोटेड कनेक्शनशिवाय वापरलं की ते एन्कोडिंग लॅटिन-१ धरतं. लॅटिन-१ मध्ये देवनागरी नाही, म्हणून युनिकोडएन्कोडएरर. इंग्रजी आणि फ्रेंच नावांवर तपासणाऱ्याला ही एरर कधी दिसतच नाही. आपल्याला पहिल्याच ओळीला दिसते. मला तर ही एरर आली याचं बरंच वाटतं. तिच्यामुळे न सांगता धरलेलं गृहीतक उघडं पडलं. प्रिपेअर मेथडला कनेक्शन दिलं की ती जाते. सायकोपीजी ३ मध्ये लिटरल ऑब्जेक्टकडून कनेक्शन न देताही स्ट्रिंग मिळते.

पायमायएसक्यूएल या मायएसक्यूएलच्या पायथॉन लायब्ररीत दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक बघण्यासारखा आहे. कन्व्हर्टर्समधलं एस्केप_स्ट्रिंग कनेक्शनशिवाय चालतं आणि नेहमी बॅकस्लॅश लावतं. कनेक्शन ऑब्जेक्टवरचं एस्केप_स्ट्रिंग आधी सर्व्हरचा फ्लॅग बघतं आणि बॅकस्लॅश बंद असेल तर फक्त अवतरण दुप्पट करतं. नाव तेच, उत्तर वेगळं.

जँगोमध्ये क्वेरीसेटच्या क्वेरीचं स्ट्रिंग करून ते फाईलमध्ये लिहिणारे भेटतात. ते वैध एसक्यूएल नाही, त्यात मूल्यांना अवतरणंही नसतात. ते फक्त डोळ्यांनी बघण्यासाठी आहे. एसक्यूएलअल्केमीचं लिटरल_बाइंड्सही परक्या मजकुरासाठी वापरू नये असं कागदपत्रांतच म्हटलं आहे.

नोडमध्ये मायएसक्यूएलचं एस्केप कनेक्शनशिवाय चालतं. ते पुरेसं आहे?

मूळ मोडमध्ये, स्ट्रिंगसाठी, हो. बॅकस्लॅश बंद असलेल्या मोडमध्ये ते चालणार नाही, हे त्याच्या वाचामाहितीतच (रीडमी) लिहिलं आहे. पण दुसरी अडचण प्रकारांची आहे. स्ट्रिंगच्या जागी ऑब्जेक्ट दिला तर ते त्याचं "कॉलम बरोबर मूल्य" असं रूपांतर करतं. जेसनमधून पासवर्डच्या जागी ऑब्जेक्ट आला की अट कायम खरी ठरेल अशी क्वेरी तयार होऊ शकते. एस्केप करण्याआधी मूल्य स्ट्रिंगच आहे ना, हे तपासा, किंवा स्ट्रिंगिफायऑब्जेक्ट्स हा पर्याय लावा.

एसक्यूलाइटचं काय?

सोपं. बॅकस्लॅशला अर्थ नाही, एकेरी अवतरण दुप्पट करायचं, बस. एसक्यूलाइट३_एमप्रिंटएफचे क्यू प्रकार कनेक्शनशिवाय चालतात. पीएचपीचं एस्केपस्ट्रिंग स्टॅटिक आहे, पण शून्य बाइट असलेल्या डेटासाठी सुरक्षित नाही, तिथे हेक्स.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठीची प्रश्नचिन्हं होतात. एस्केप चुकलं का?

एस्केप बरोबर आहे, प्रीफिक्स राहिला. अवतरणाआधी रोमन एन नसेल तर लिटरल डेटाबेसच्या कोडपेजमध्ये जातं आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, कॉलम एनव्हारकॅर असला तरीही. ती अक्षरं कायमची गेली, परत आणता येत नाहीत. अवतरण दुप्पट करा आणि पुढे एन लावा.

टेबलचं नाव, आकडे, लाइक: यांना तेच फंक्शन चालतं?

नाही. स्ट्रिंग एस्केप हे फक्त अवतरणाच्या आत बसणाऱ्या मूल्यासाठी असतं. आकडा अवतरणाशिवाय लिहिणार असाल तर तो आधी खरोखर आकड्याच्या प्रकारात बदला; "१ ऑर १=१" यात एस्केप करण्यासारखं काहीच नाही. टेबल आणि कॉलमची नावं स्वतःच्या ठरलेल्या यादीतूनच घ्या. एसक्यूएल सर्व्हरचं कोटनेम १२८ अक्षरांपेक्षा मोठं नाव दिलं की नल देतं, तेही सांभाळा. लाइकमध्ये टक्का आणि अंडरस्कोअर वेगळे एस्केप करावे लागतात. तिथे इंजेक्शन होत नाही, पण शोध नको तेवढं शोधतो.

एस्केप केल्यावर कॉलमच्या लांबीइतकं कापलं तर?

कधीही नाही. कापताना बॅकस्लॅश राहिला आणि अवतरण गेलं, तर तो उरलेला बॅकस्लॅश तुमचं बंद करणारं अवतरण खातो. आधी कापा, मग एस्केप करा. आणि मराठी कापताना बाइटवर कापू नका: "क्ष" म्हणजे तीन चिन्हं, नऊ बाइट. मध्येच तोडलं तर एकतर अवैध यूटीएफ-८ उरतं किंवा लोंबकळणारा हलन्त.

हे तपासायचं कसं?

खऱ्या नावांनी. रोमन लिपीत डिसोझा, डिमेलो ही आडनावं डी नंतर अपॉस्ट्रॉफी घालून लिहितात, आणि वसईपासून गोव्यापर्यंत ती हजारो घरांत आहेत. मी पाहिलेल्या एका संस्थेच्या सभासदयादीची फाईल अशाच नावावर अडली आणि कुणीतरी घाईत सगळ्या अपॉस्ट्रॉफी पुसून टाकल्या. फाईल चालली. लोकांची नावं मात्र त्यांच्या ओळखपत्रांशी जुळेनाशी झाली, आणि ते निस्तरायला खूप दिवस गेले. ते नाव त्या माणसाचं आहे, आपल्या स्क्रिप्टच्या सोयीसाठी ते बदलायचा आपल्याला काही हक्क नाही.

तपासणीच्या यादीत एवढं असू द्या: अपॉस्ट्रॉफीचं नाव, शेवटी बॅकस्लॅश असलेला विंडोजचा पाथ, दोन ओळींचा पत्ता, शून्य बाइट, कंट्रोल-झेड, जोडाक्षरं, इमोजी, सुटा सी० बाइट, आणि "&" असलेलं दुकान. फाईल रिकाम्या डेटाबेसवर चालवा, परत वाचा आणि बाइटनिशी तुलना करा. मग सर्व्हरवर बॅकस्लॅश बंद करणारा मोड लावून पुन्हा तेच करा. दोन्ही वेळा सारखं आलं तरच फाईल पाठवा.

आधीच साठवलेल्या नावांत अपॉस्ट्रॉफीआधी बॅकस्लॅश दिसतात. ते कसे काढू?

कुठेतरी दोनदा एस्केप झालंय: बहुधा आधी एस्केप केलं आणि मग पॅरामीटरनेही पाठवलं, किंवा २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून गेलेल्या मॅजिक कोट्स या आपोआप बॅकस्लॅश लावणाऱ्या सोयीच्या काळातला हा डेटा आहे. आधी ती जागा शोधून बंद करा, नाहीतर साफ केलेलं पुन्हा घाण होईल. मग टेबलची प्रत ठेवा. जिथे बॅकस्लॅशच्या लगेच पुढे अवतरण आहे अशाच ओळी निवडा, सरसकट सगळे बॅकस्लॅश काढू नका, कारण काही पाथमध्ये ते खरे असतील. काही नावं दोनदा-तीनदा सेव्ह झाल्यामुळे त्यांत बॅकस्लॅशची रांग असते; तेव्हा एकेक फेरी चालवा आणि प्रत्येक फेरीनंतर किती ओळी बदलल्या ते लिहून ठेवा. उरलेल्या पाचपंचवीस ओळी मूळ अर्ज समोर घेऊन हातानेच बघा.